डासांची भावकी

भावकी काय फक्त माणसांतच असते? डासांतही असते! जगात डासांच्या ३,५००हून जास्त जाती आहेत. जवळच्या जातींची मिळून एक प्रजाती, प्रजातींचं उपकूळ आणि दोन उपकुळांचं मिळून डासांचं अख्खं कूळ. क्युलेक्स आणि डेंग्यू पसरवणारा पट्टेरी एडिस एकाच उपकुळातले, जवळचे भाऊबंद. हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलिसनं मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळी चूल मांडली.

हिवताप नेमका कुठल्या डासामुळे, हे ठाऊक नसल्यानं रोनाल्ड रॉस दोन वर्षं भलतेच डास तपासत बसले! अखेर २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत त्यांना ठिपकेदार पंखांच्या डासात हिवतापाचे जंतू सापडले. तो होता ॲनाफिलिस. तेव्हा आपला धाराशिव जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता बरं का!

आपल्याकडे पाण्याची टंचाई, म्हणून घरोघरी पाणी भरून ठेवलेलं. या रविवारी बॅरलमध्ये बॅटरी मारून बघा. अळी श्वासाची नळी वर करून उलटी लटकलीय? मग ती क्युलेक्स-एडिसच्या भावकीतली. पाण्यालगत आडवी पडलीय? ॲनाफिलिस! मग आईला हाक मारा. पाणी फडक्यानं गाळून घ्या, बॅरल घासून वाळवा आणि झाकण घट्ट लावा. कुठल्याच भावकीला थारा नको!