माणूस टिकला पाहिजे



शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी माणूस म्हणतो, मन कमकुवत होते, दारू होती, घरात कटकट होती. आपण म्हणतो, डोक्यावर कर्ज होते आणि कापसाला भाव नव्हता. सरकारला आपली जबाबदारी झटकायची असते, म्हणून मनाच्या आजाराचे नाव काढले तरी आपल्याला राग येतो. पण या रागात आपलेच नुकसान आहे. दुष्काळात बैल खंगला तर त्याला आपण चाराही घालतो आणि औषधही पाजतो. मग माणसाच्या बाबतीतच हात आखडता का?

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आधी नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांतील जेमतेम चार जण मदत घेत होते. काम सुरू झाल्यावर १८ महिन्यांनी हा आकडा २७ वर गेला. घरी येऊन कोणी आपुलकीने विचारले, तर आपला माणूस बोलतो, हे यातून दिसले.

आता फोनचीही सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. साधा बटनांचा फोनही पुरतो. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो.

घरातला माणूस रात्र रात्र जागतो, जेवत नाही, पऱ्हाटीकडे फिरकत नाही, ‘आता माझे काय काम’ असे बोलतो, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा. नंबर तुम्हीच लावून द्या. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला असेल, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ सांगते की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षा करू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी.

फोनवरच्या समुपदेशकाला सोसायटीचे कर्ज फेडता येत नाही, ज्वारीचा भाव वाढवता येत नाही. ते त्याचे काम नव्हे. सरकारने त्याला पुढे करून आपले काम टाळू नये, एवढेच आपले म्हणणे. १४४१६ हा नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर रंगवा, आशाताईंना या कामाचे प्रशिक्षण आणि मोबदला द्या, अशी मागणी प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठरावाने करावी. भिंत रंगवायला मात्र सरकारची वाट पाहायची गरज नाही. चुना आणि गेरू गावातच मिळतो.

भावाची लढाई चालूच राहील. ती लढायला माणूस टिकला पाहिजे.