खोटा इशारा नुसता डिलीट करू नका, कळवा



‘तुमच्या खात्यात अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाले आहे, 24 तासांत खात्री करा, अन्यथा खाते बंद होईल,’ अशा मजकुराचा ईमेल खोटा आहे हे ओळखणारे वाचक आता पुष्कळ आहेत. ते तो डिलीट करून मोकळे होतात. माझा आक्षेप या मोकळे होण्यालाच आहे. तोच मेल त्याच वेळी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी इनबॉक्समध्ये पडलेला असतो आणि तिथे तो उघडणारा प्रत्येकजण सावध असतोच असे नाही. मार्च 2023 मध्ये मुंबईत एका खासगी बँकेच्या किमान 40 ग्राहकांना अवघ्या तीन दिवसांत लाखो रुपयांचा गंडा घातला गेला. आमिष साधेच होते: केवायसी आणि पॅन अद्ययावत करा, नाहीतर खाते बंद, आणि खाली एक लिंक. हे संदेश एसएमएसने आले होते, पण रीत तीच. ज्यांनी पहिल्या दिवशी ती लिंक ओळखली त्यांनी लगेच कळवले असते, तर तिसऱ्या दिवशीचे काहीजण तरी वाचू शकले असते.

ओळखण्याच्या जुन्या खुणाही आता भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. चुकीचे इंग्रजी, वेडावाकडा लोगो यावरून मेल पकडण्याचे दिवस गेले. कृत्रिम बुद्धिमत्ता निर्दोष मजकूर लिहून देते. भरवसा ठेवायचा तो पत्त्यावर. मोबाइलवर पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते. त्यावर बोट ठेवले की पूर्ण पत्ता दिसतो. लिंकमध्ये सुरुवातीच्या ‘https://’ नंतरचा पहिला तिरका दांडा शोधावा आणि त्याच्या आधीचा भाग उजवीकडून वाचावा. सुरुवातीला बँकेचे नाव असले आणि शेवटी ‘अकाउंट-व्हेरिफाय डॉट कॉम’ असेल, तर ती जागा बँकेची नव्हे. रिझर्व्ह बँकेने 22 एप्रिल 2025 च्या परिपत्रकाने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितले, ते यासाठीच. डिमॅट, विमा किंवा ईमेल खात्याच्या इशाऱ्यांना मात्र ही खूण लागू नाही. तिथे मेलमधली लिंक न दाबता स्वतः अॅप उघडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

तक्रार करून काय होते, असे अनेकजण विचारतात. जीमेलमध्ये ‘रिपोर्ट फिशिंग’ दाबले की ती माहिती इतरांकडे जाणारे तसेच मेल अडवायला उपयोगी पडते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर एक रुपयाही गेलेला नसताना संशयित ईमेल पत्ता किंवा संकेतस्थळ कळवता येते. पैसे गेलेच असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनला तत्काळ फोन करावा, म्हणजे ते पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातही ही बाब स्पष्ट केली होती. ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे उशिराची किंमत थेट रुपयांत मोजावी लागते.

‘पासवर्ड स्वतःच दिला, मग दोष कुणाचा?’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण महाराष्ट्रातच तो एकदा अपुरा ठरला आहे. पुण्याच्या एका कंपनीच्या प्रमुखाने फिशिंग मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून सुमारे 80 लाख रुपये गेले. 2013 मध्ये राज्याचे तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, ग्राहकाची चूक लक्षात घेऊनही बँकेला 45 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कारण पैसे ज्या बोगस खात्यांत गेले, ती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती. फसलेल्याला मूर्ख ठरवले की तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याचा फायदा चोरालाच होतो.

बँकांनी खोटा मेल कळवण्याचे बटण अॅपच्या पहिल्याच पानावर, मराठीत द्यावे. आणि बोरिवली, घाटकोपरच्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती, की असा मेल सभासदाने दाखवला तर त्याचा स्क्रीनशॉट, लिंक पुढे न पाठवता, ग्रुपवर टाकावा आणि त्याच दिवशी पोर्टलवर कळवावा.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)