फियाट आणि पाठांतर

परवा लातूरहून माझ्या बहिणीचा नातू नांदेडला आला होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, नोकरी शोधतोय. जेवता जेवता त्यानं विचारलं, "आबा, हरंगुळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात अर्ज करू का? टिकंल का हो तो कारखाना?"

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. कारखान्यातलं मला काय कळणार? पण का कोण जाणे, प्रश्न ऐकला आणि मला मामांची फियाट आठवली.

माझं लग्न १९७६ सालचं. आम्ही नांदेडचे, नवरी लातूरची. वऱ्हाड एस.टी.नं गेलं आणि नवरदेव मामांच्या फियाटमधून. मामा वकील. गाडी त्यांनी हैदराबादहून जुनीच घेतलेली, तीही नव्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजून. नव्या गाडीला नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळे त्या काळी असा उलटा व्यवहार चालायचा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही निघालो. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, मामा एका हातानं तो वरखाली करत गप्पा मारत होते. गावागावात पोरं गाडीमागे धावत होती. परतताना ही माझ्या शेजारी बसली. लग्नातलं बाकी काही तिला फारसं आठवत नाही, पण काच खाली करायची ती मूठ अजून आठवते!

ही गाडी बनत होती मुंबईला, कुर्ल्यात. कंपनीचं नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्स, आणि ती उभी करणारे शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. जन्म १८८२ चा. या माणसाची कथा शाळेच्या पुस्तकात असायला हवी असं मला नेहमी वाटतं. बोटींच्या धंद्यावर इंग्रजांची मक्तेदारी होती, तेव्हा १९१९ मध्ये ते सिंदिया कंपनी उभारण्यात पुढे होते. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. विशाखापट्टणमला जहाजाची गोदी काढली. मोटारीचा कारखाना तर त्यांना महायुद्धाच्या आधीपासूनच हवा होता. सर विश्वेश्वरय्यांनी त्याची योजना मांडली होती, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली होती. पण इंग्रज सरकारनं काही दाद दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियरची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

पुढे सरकारनं धोरण ठरवलं की नुसते परदेशी सुटे भाग आणून जुळवायचे असतील तर इथे राहू नका, भाग इथेच बनवा. १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. प्रीमियर राहिली. इटलीच्या फियाटशी करार करून १९५४ पासून तिनं फियाट ११०० बनवायला घेतली आणि हळूहळू एकेक भाग देशात बनू लागला. वालचंदशेठ मात्र हे बघायला नव्हते. १९५३ मध्ये ते गेले.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. पण पुढं काय झालं बघा. इटलीत फियाटनं ती गाडी केव्हाच बंद केली. आपल्याकडे करार संपल्यावर नाव बदललं, आधी प्रेसिडेंट, मग पद्मिनी. पण मूळ गाडी तीच राहिली. माझी मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, तरी कुर्ल्यातून थोड्याफार फरकानं मामांचीच गाडी बाहेर पडत होती. १९८५ मध्ये नवी म्हणून ११८ एनई आली. तिचं इंजिन जपानच्या निसानचं, पण शरीर १९६६ च्या फियाटचं.

आता शिक्षकाच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे 'लातूर पॅटर्न' प्रसिद्ध आहे. मागचे पेपर पुन्हा पुन्हा सोडवायचे, इतके की परीक्षेत चुकणं शक्यच नाही. (लातूरकरांनो रागावू नका, माझे कितीतरी विद्यार्थी याच वाटेनं डॉक्टर झाले.) पण सरावाचा अर्थ कळणारी मुलं वेगळी आणि एकच पेपर पाठ करणारी मुलं वेगळी. प्रीमियरनं १९५४ चा पेपर पाठ केला आणि तीस वर्षं त्यावर पहिला वर्ग मिळवला. वर्गात मुलं होती तीनच, ॲम्बेसेडर, स्टँडर्ड आणि ही. नापास होण्याची सोयच नव्हती! १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पेपरचं स्वरूपच बदललं.

कुणी म्हणेल, सर, यात कंपनीचा काय दोष? मोटार ही सरकारच्या लेखी चैनीची वस्तू होती. किती गाड्या बनवायच्या त्याला परवाना, किंमत किती ठेवायची त्यावर नियंत्रण. नवी गाडी काढणार कुठून? हे म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. सरकारनं हात बांधले होते, हे खरंच. पण हात बांधलेले असले तरी डोकं मोकळं असतं. पुण्याची टेल्को बघा. त्यांनीही त्याच १९५४ साली जर्मनांच्या मर्सिडीज ट्रकची नक्कल करायला सुरुवात केली. पंधरा वर्षांचा करार होता. पण करार संपायच्या आधीच, १९६६ मध्ये, त्यांनी पुण्यात स्वतःचं संशोधन केंद्र काढलं. ट्रकला सरकारकडून जरा मोकळीक होती, हेही खरं. तरी १९८६ मध्ये त्यांचा स्वतःचा ४०७ ट्रक आला आणि १९९८ मध्ये इंडिका मोटार. दोघांनीही सुरुवात नक्कल करूनच केली. एकानं नक्कल करता करता गणित समजून घेतलं, दुसऱ्यानं फक्त उत्तर लिहून काढलं. माझ्या मते कुर्ल्याचं खरं चुकलं ते इथं.

नंतर घाईघाईनं नवे शिक्षक शोधले. फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याणजवळ गाडी सुरू केली, तिथं संप झाला आणि १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. त्याच वर्षी कुर्ल्याचा कारखाना फियाटबरोबरच्या भागीदारीत गेला. २००० च्या सुमारास पद्मिनी बनायची बंद झाली. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. पेपरांतून फार हळवे लेख आले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गाडीसाठी हळवं होताना ज्यांच्या हातांना फक्त ती एकच गाडी बनवता येत होती, त्या माणसांचं काय झालं हे फार थोड्यांनी विचारलं. नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आणि तो थांबल्यावरची शांतताही ऐकली, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

तर आता नातवाचा प्रश्न. हरंगुळच्या कारखान्याचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. २०२३ मध्ये वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचा मोठा करार झाला, त्यात रशियन कंपनीची भागीदारी आहे. मराठवाड्याला असा कारखाना मिळणं ही लहान गोष्ट नाही. आमच्या पिढीतली पोरं कामासाठी पुण्या-मुंबईलाच गेली.

म्हणून त्याला म्हटलं, "अर्ज कर. जरूर कर. पण कारखाना टिकंल का हे मला विचारू नकोस. आत गेलास की विचार, हे नकाशे कुणी काढले? आणि पुढच्या गाडीचे नकाशे काढायला कुणाला शिकवताय? उत्तर मिळालं नाही तर रात्री घरी बसून तू तरी शीक."

तो हसला. म्हणाला, "आबा, तुम्ही रिटायर झालात पण होमवर्क देणं सुटलं नाही तुमचं."

नाहीच सुटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बसस्टँडवर सोडलं. गाडीची वाट बघताना त्यानं मोबाईलवर अर्ज भरला. काही चुकू नये म्हणून मी शेजारी बसून एकेक ओळ वाचून घेतली. आता निकालाची वाट बघतोय.