अकराव्या रात्रीचा प्रश्न

गर्दच्या व्यसनातून सुटणे म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. रुग्णालयाच्या खाटेवर तळमळणारा तरुण, अंगाला सुटलेला कंप, पोटात उठणारी कळ आणि आठ-दहा दिवसांनी शांत झालेला चेहरा. मग घरची माणसे त्याला घेऊन जातात, देवापुढे नारळ फुटतो, ‘सुटला एकदाचा’ असे नातेवाईक म्हणतात आणि प्रकरण मिटले असे सारे गृहीत धरतात. वस्तुतः घरचे ज्या दिवशी निःश्वास टाकतात त्याच दिवशी त्या तरुणाच्या परीक्षेचा अधिक अवघड भाग सुरू झालेला असतो. त्याला झोप येत नाही आणि त्याचे मन कशातही लागत नाही. ह्या दोन तक्रारी ऐकणाऱ्याला किरकोळ वाटतात. परंतु इतक्या यातना सोसून टाकलेली पुडी पुन्हा हाती धरली जाते ती पुष्कळदा ह्यांच्याचमुळे, आणि आपली उपचारव्यवस्था नेमकी ह्याच ठिकाणी संपते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९८०च्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, वस्त्यांतून आणि महाविद्यालयांच्या आवारांतून पसरली आणि ‘गर्द’, ‘गर्दुल्ला’, ‘टर्की’ हे शब्द मराठीत रुळले. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. १९८६ साली डॉ. सुनंदा व अनिल अवचट ह्यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. पुढे प्रश्नाचे क्षेत्र पुडीपुरते राहिले नाही. वेदनाशामक म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांचीही सवय लागू लागली, आणि त्यांपैकी ट्रामाडोल ह्या औषधाला २०१८ साली ह्याच कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे २.१ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन किंवा अफूवर्गीय औषधे ह्यांचे सेवन करीत होते आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. एवढ्या मोठ्या संख्येच्या बाबतीत उपचार कोठवर न्यावयाचा, हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

टर्कीचा काळ मोजता येतो. हेरॉइनचे शेवटचे सेवन झाल्यावर आठ ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. नाक व डोळे वाहतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, हाडे मोडल्यासारखी दुखतात आणि पाय आपोआप झटके देऊ लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसाला पोहोचतो आणि साधारणतः आठवडा-दीड आठवड्यात ओसरतो. मेथाडोनसारख्या दीर्घकाळ अंमल टिकणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत तो उशिरा सुरू होतो आणि अधिक काळ चालतो. औषधांनी ह्या दिवसांची तीव्रता पुष्कळ कमी करता येते. शरीराच्या ह्या बंडाला आरंभ आणि शेवट असतो. म्हणूनच रुग्णालयाला आणि कुटुंबाला त्याचे नियोजन करणे सोपे जाते.

त्यानंतर जे उरते त्याला असा ठरीव शेवट नसतो. मेंदूच्या बुंध्यात माणसाला जागे व सावध ठेवणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे. अफूवर्गीय द्रव्ये त्याला दाबून ठेवतात. महिनोन्‌महिने दाबल्या गेलेल्या ह्या पेशी दाबाला पुरून उरण्यासाठी आपले काम वाढवितात, आणि द्रव्य बंद होताच तो दाब नाहीसा होऊन धोक्याची घंटा वाजत राहिल्यासारखी शरीराची स्थिती होते. दुसरीकडे सुखाची व समाधानाची जाणीव करून देणारी मेंदूतील यंत्रणा बाहेरून मिळणाऱ्या मोठ्या मात्रेला सरावलेली असते. मुलाचे हसणे, आवडते जेवण, मित्राची थाप ह्यांतून मिळणारा साधा आनंद तिच्यापर्यंत पोहोचेनासा होतो. ह्यात भर अशी की, अफू ज्याला झोप म्हणून देते ती खरी झोपच नव्हे. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप ह्या दोहोंना ती बाधा आणते. ज्याने पाच वर्षे गर्द ओढली त्याचे शरीर पाच वर्षे नैसर्गिक झोपेला पारखे झालेले असते. ती घडी पुन्हा बसण्यास आठवडे लागतात, काहींना महिने लागतात.

ह्या काळात घरात काय घडते? रात्री दोन वाजता तो उठतो, फेऱ्या घालतो, पहाटे केव्हा तरी डोळा लागतो आणि सकाळी नऊपर्यंत तो अंथरुणातून उठत नाही. वडिलांना हा आळस वाटतो. डोळे लाल दिसले की आईच्या पोटात धस्स होते आणि बायको खिसे तपासते. प्रत्यक्षात अफूवर्गीय द्रव्याच्या अमलाखाली डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. लाल डोळे हे बहुधा जागरणाचे असतात. पण एवढी माहिती कुटुंबाला कोणी दिलेली नसते. संशयाने तो अधिक खचतो. व्यसनाच्या गुंगीत जे दिसत नव्हते ते कर्ज, गेलेली नोकरी, बहिणीच्या मोडलेल्या लग्नाची आठवण, हे सारे त्याच रात्री त्याच्यापुढे येऊन उभे राहते. ही खिन्नता काही अंशी पश्चात्तापाची असते, काही अंशी मेंदूच्या बदललेल्या स्थितीची असते, आणि काहींच्या बाबतीत व्यसनापूर्वीपासून असलेल्या नैराश्याच्या आजाराची असते. ती कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यासाठी डॉक्टर साधारणतः काही आठवडे निरीक्षण करतात. परंतु ज्याला दहाव्या दिवशी घरी पाठविले आणि पुन्हा बोलावलेच नाही, त्याचे निरीक्षण कोणी करावयाचे?

भविष्यातल्या लाभाचे मोल आजच्या लाभापेक्षा कमी धरणे हा मनुष्यस्वभाव आहे, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक गृहीत होय. पंधरा रात्री न झोपलेल्या माणसाच्या बाबतीत ही प्रवृत्ती टोकाला जाते. एका पारड्यात आज रात्रीची चार तासांची निश्चित सुटका असते, आणि दुसऱ्यात वर्षभरानंतरची नोकरी व पुन्हा मिळणारी प्रतिष्ठा, जिची त्याला मुळी खात्रीच वाटत नाही. अशा माणसाला ‘भविष्याचा विचार कर’ हा उपदेश पोहोचत नाही. तो मूर्ख आहे किंवा त्याला इच्छाशक्ती नाही, असा ह्याचा अर्थ नव्हे. ती रात्रच त्याला फार महाग पडते. तेव्हा उपदेशाचे वजन वाढविण्यापेक्षा त्या रात्रीची किंमत उतरविणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

ह्या टप्प्यावर झालेली चूक जिवावर बेतू शकते. काही दिवस द्रव्य बंद राहिले की ते पचविण्याची शरीराची पूर्वीची ताकद उतरते. असह्य रात्री जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली द्रव्याच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा त्यांचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट असल्याचे त्यात आढळले. त्या कैद्यांनाही कोणी तरी ‘सुटला’ असेच म्हटले असेल. दुसरी चूक झोपेच्या गोळ्यांची. शेजारच्या दुकानातून आणलेली गोळी किंवा ‘थोडी घेतली तर झोप लागेल’ म्हणून पुढे केलेली दारू नवे व्यसन लावते. आणि त्यांच्या जोडीला पुन्हा अफूवर्गीय द्रव्य घेतले गेले तर श्वास मंदावण्याचा धोका कितीतरी वाढतो. तिसरी चूक न बोलण्याची. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे तो म्हणाला तर विषय बदलू नये; जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलावयास वाट मिळते. असा विचार येत असल्यास त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरकडे नेले पाहिजे.

मग उपाय कोणते? त्यांतले काही इतके साधे आहेत की त्यांची उपेक्षा होते. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठणे, सकाळचे ऊन अंगावर घेणे, दुपारी न झोपणे, दुपारनंतर चहा टाळणे, अंग थकेल एवढे चालणे किंवा काम करणे, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणे व डोळे जड झाल्यावरच पुन्हा आडवे होणे. निद्रानाशाच्या औषधाविना करावयाच्या उपचारात ह्याच गोष्टी पद्धतशीरपणे शिकविल्या जातात. त्यांचा गुण एका रात्रीत येत नाही. दोन-चार आठवडे चिकाटी धरावी लागते. व्यसन न लावणारी काही औषधे डॉक्टर देऊ शकतात. खिन्नता हटविणाऱ्या औषधांचा परिणाम दिसण्यासही बहुधा दोन ते चार आठवडे जावे लागतात, हे रुग्णाला आधीच सांगितले नाही तर तो चौथ्या दिवशी ती टाकून देतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही अवस्था तात्पुरती आहे, ती त्याच्या उरलेल्या आयुष्याचा नमुना नव्हे, हे त्याला पुन:पुन्हा सांगणारे माणूस त्याच्याजवळ हवे.

ह्यापलीकडचा उपाय अधिक परिणामकारक आहे आणि तोच वादग्रस्त ठरला आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध जिभेखाली ठेवून दीर्घकाळ घ्यावयाचे असते. ते अफूवर्गीयच असले तरी त्याची गुंगी मर्यादित असते. त्याने टर्की थांबते, तलफ मंदावते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मेथाडोनबरोबर त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. फ्रान्सने १९९०च्या दशकाच्या मध्यास सामान्य डॉक्टरांना हे औषध देण्याची मुभा दिली आणि १९९५ ते १९९९ ह्या काळात तेथील अतिमात्रेचे मृत्यू जवळजवळ चार-पंचमांशांनी घटले. आपल्याकडे एचआयव्हीचा प्रसार रोखण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ते सुया टोचून घेणाऱ्या व्यसनींना दिले जाते, आणि पंजाबने त्यासाठी बाह्यरुग्ण केंद्रांचे जाळे उभारले.

ह्यावर आक्षेप असा की, हे एक व्यसन काढून दुसरे लावणे झाले. हा आक्षेप तुच्छतेने उडवून लावण्याजोगा नाही. ह्या गोळ्यांचाही काळाबाजार होतो, त्या अचानक बंद केल्या तर त्यांचीही टर्की येते, आणि पूर्ण मुक्तीची आकांक्षा धरून स्वतःच्या बळावर व्यसनातून बाहेर पडलेली माणसे समाजात आहेत. त्यांचा मार्ग खोटा म्हणण्याचे कारण नाही. परंतु तुलना कशाशी करावयाची हा खरा मुद्दा आहे. गोळी घेऊन झोपणारा व सकाळी कामावर जाणारा माणूस आणि कोणतेही द्रव्य न घेणारा आदर्श मुक्त माणूस अशी तुलना केली तर पहिला उणा दिसेल. पण बहुसंख्यांच्या बाबतीत पर्याय आदर्श मुक्तीचा नसतो. तो तिसऱ्या, चौथ्या वेळी पुडीकडे परतण्याचा किंवा मरणाचा असतो. मधुमेही जन्मभर इन्सुलिन घेतो म्हणून त्याला कोणी दुबळा म्हणत नाही.

शेवटी प्रश्न येतो तो व्यवस्थेचा. कायद्याने वाट पुष्कळशी मोकळी केली आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यातच स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अमली द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत स्थान दिले आहे. उणीव आहे ती मोजण्याच्या पद्धतीत. खाटा किती, दाखल झालेले रुग्ण किती, घरी पाठविलेले किती, एवढेच जोपर्यंत नोंदले जाईल तोपर्यंत पैसा खाटांवरच खर्च होईल. तोच रुग्ण वर्षात तीनदा दाखल झाला तर अशा हिशेबात ती तीन यशे दिसतात. सहा महिन्यांनी किती जण उपचारात टिकून आहेत, किती जण कामावर आहेत आणि किती जण जिवंत आहेत, ही नोंद अनुदानाची अट केली पाहिजे. घरी गेल्यावर पहिले दोन महिने दर आठवड्याची भेट, झोप व खिन्नता ह्यांची प्रत्येक भेटीत चौकशी, कुटुंबाला दाखल करतानाच दिलेली समज आणि गरजूला तालुक्याच्या गावी मिळणारे औषध, ह्यांचा खर्च पुन:पुन्हा खाट अडविण्यापेक्षा अधिक ठरण्याचे कारण नाही. रोजंदारीवरच्या माणसाला आठवड्याची भेट म्हणजे बुडालेली मजुरी, हे ध्यानात घेऊन ती केंद्रे सायंकाळी उघडी ठेवणेही अशक्य नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आज उपलब्ध आहेत; रुग्णालयातून घरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदावर ते ठळक छापले जावेत, ही मागणी तर अगदीच बिनखर्चाची आहे.

दहा दिवसांत शरीर सावरते ह्याचे श्रेय वैद्यकाला आहे. अकराव्या रात्री तो तरुण जागा असतो, तेव्हा त्याच्याबरोबर कोण जागे आहे, ह्यावर पुढचे सारे अवलंबून राहते. ते काम एकट्या आईवर किंवा बायकोवर टाकून शासनाने व समाजाने झोपी जाणे हे न्यायाचे नाही, आणि हिशेबाचेही नाही.