इंकजेटला इंकजेट म्हणायची लाज का वाटते?

प्रदर्शनात फोटोखाली ‘झिक्ले प्रिंट’ अशी पाटी दिसली की मी विचारतो, “म्हणजे इंकजेटच ना?” उत्तर येतं, “हो, पण...” माझं भांडण या ‘पण’शी आहे.

हा शब्द कुठल्या जुन्या फ्रेंच कलापरंपरेतून आलेला नाही. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘नॅश एडिशन्स’ या छापशाळेत काम करणाऱ्या जॅक ड्युगान यांनी तो घडवला. तिथे ‘आयरिस’ या इंकजेट यंत्रावर कलाकृती छापल्या जात. हे यंत्र मुळात छपाईआधीची रंगीत प्रुफं काढण्यासाठी बनलेलं. इंकजेट म्हटलं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल, म्हणून फ्रेंच शब्द शोधला. त्यामागच्या क्रियापदाचा अर्थ काय, तर पिचकारी उडवणं! म्हणजे गोष्ट तीच, वर थोडं अत्तर.

खरी गोम पुढे आहे. त्या सुरुवातीच्या आयरिस प्रिंट्समधल्या डाय शाया उजेडात लवकर फिक्या पडत. टिकाऊ पिगमेंट शाया नंतर आल्या. पण नाव दोन्हींना एकच. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला जी गोष्ट कळायलाच हवी, नेमकी तीच हे नाव झाकतं. मी पोटासाठी कोड लिहितो. आत काय आहे हे न सांगणारं व्हेरिएबलचं नाव आमच्याकडे रिव्ह्यूतून परत येतं. पन्नास हजारांच्या फोटोला तेवढीही शिस्त नको?

‘आर्काइव्हल’चंही तेच. शाई तीच असली तरी कागद बदलला, काच काढली, भिंतीवर ऊन आलं की आयुष्य बदलतं. अटी न सांगता दिलेली ही हमी आहे.

यावर म्हणतात, “ऑफिसातल्या प्रिंटरपेक्षा हे वेगळं आहे, ते कळायला नको?” कळायलाच हवं. मग फरक सांगा ना! ‘पिगमेंट इंकजेट, सुती कागद, छपाई 2024, 10 पैकी 3 री प्रत.’ एका ओळीत मावतं. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयातही ‘पिगमेंटेड इंकजेट प्रिंट’ असं लिहितात. त्यांची इभ्रत काही गेली नाही.

आणि आपल्याला छापील चित्रांचं वावडं कधी होतं? 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. छापील आहेत म्हणून कुणी हात जोडायचे थांबलं नाही.

फोटोग्राफर मित्रांनो, रंग जुळवण्यात, कागद निवडण्यात तुम्ही रात्री घालवता. ते कष्ट फ्रेंच शब्दामागे का लपवता? आणि विकत घेणाऱ्यांनो, शाई कोणती, कागद कोणता, कधी छापलं, प्रती किती, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.