लेबल तुमचं, नखं आमची

परवाच्या रविवारी मावसबहिणीच्या नव्या घरी गेले होते. भूगावात फ्लॅट घेतलाय, वास्तुशांत पंधरा दिवसांवर आलीये. मला वाटलं, निवांत चहा होईल, गॅलरीत बसून गप्पा होतील. दार उघडलं तर घरातल्या सगळ्या बायका फतकल मारून बसलेल्या आणि प्रत्येकीच्या हातात काही ना काही. बहीण खिडकीच्या काचेशी झगडतेय, मावशी नव्या सिंकशी, बहिणीच्या सासूबाई स्टीलच्या डब्यांशी. म्हटलं, कसली एवढी तयारी? तर मावशी म्हणाली, "तयारी कसली बाई, लेबलं काढतोय!"

मग काय, मीही पदर खोचला. दोन तास आम्ही चौघी लेबलं काढत होतो. काचेवर लेबल, नळावर लेबल, फरशीवर, दाराच्या कडीवर, मिक्सरच्या भांड्यावर, पोळपाटावर लेबल. वरचा कागद पटकन निघतो. खाली राहतो तो चिकटा! त्याला धूळ चिकटते, मग तो काळा पडतो आणि नव्याकोऱ्या डब्यावर वर्षभर डाग बसलेला असतो.

खरी गंमत पुढे आहे. बहिणीचे दीर मदतीला आले. रंगाऱ्यानं मागे ठेवलेली थिनरची बाटली त्यांना सापडली. "कशाला नखं घासत बसता? हे घ्या, एका मिनिटात निघेल," असं म्हणत त्यांनी ओट्यावरच बाटली उघडली. शेजारी चहाचं आधण उकळत होतं. मी आधी गॅस बंद केला, मग खिडक्या उघडल्या आणि मग त्यांच्याशी भांडले. ते हसले. "एवढंसं तर आहे," म्हणाले.

एवढंसंच असतं हो. पण थिनर काय, पेट्रोल काय, त्यांची वाफ डोळ्यांना दिसत नाही. हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि ज्योतीपर्यंत सरकत जाते. ७ जून २०२१ ला याच मुळशी तालुक्यात, उरवड्याच्या कारखान्यात आग लागली आणि आत अडकलेले कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. तिथली रसायनं वेगळी, कारण वेगळं, तुलना करायची नाहीये. पण त्या बातमीनंतर या तालुक्यात तरी कुणी पेट घेणाऱ्या वस्तूला 'एवढंसं' म्हणू नये. आणि हे सगळं कशासाठी? तर एका डब्यावरचा कागदाचा तुकडा काढण्यासाठी!

उपाय मला माहीत नाहीत असं नाही. आजीपासूनचे आहेत. डब्याला खोबरेल तेल किंवा गोडं तेल चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, जुन्या सुती फडक्यानं पुसायचं आणि मग भांड्याच्या साबणानं धुवायचं. लेबल अजून अख्खं असेल तर केस वाळवायच्या यंत्रानं थोडं गरम करून कोपऱ्यापासून सावकाश ओढायचं. स्टीलला तारेची घासणी लावायची नाही, ओरखडे जात नाहीत. नॉनस्टिकच्या तव्याला सुरी तर लावायचीच नाही. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकवर वापरायचा नाही. बहिणीची साबणाची नवी पेटी त्यानंच पांढरी फटक पडली. आणि वापरलेलं थिनर मोरीत ओतायचं नाही. रामनदीचा उगम याच भूगाव-खाटपेवाडीच्या बाजूचा आहे, तिच्या पोटात आधीच काय कमी जातंय?

पण मला चीड येते ती इथेच. या उपायांनी मासिकांची पानं भरतात, 'घरगुती टिप्स' म्हणून कौतुक होतं, कुणाकडे लिंबू, कुणाकडे व्हिनेगर. आणि मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही, की हा चिकटा आमच्या घरात आणला कुणी? पैसे मोजून घेतलेली वस्तू वापरण्याआधी मी तिची साफसफाई का करायची? कंपनीनं तिची जाहिरात माझ्या डब्यावर चिकटवली आणि ती काढायची मजुरी माझ्या नखांनी भरायची! घरकामाचे तास असेही कुणी मोजत नाही, त्यात हेही खपून जातं.

पूर्वी असं नव्हतं. बाटल्यांवरची लेबलं खळीनं नाहीतर डिंकानं चिकटवलेली असायची, रात्रभर पाण्यात ठेवली की सकाळी आपसूक तरंगायची. आताचा गोंद वेगळा. तो कधी वाळतच नाही. रबरासारखा मऊ राहतो आणि दाबला की पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो. पाण्याला दाद देत नाही, तेलानं मात्र फुगतो आणि सैल होतो. जितके दिवस राहील, जितकं ऊन खाईल, तितका घट्ट बसतो. म्हणून पश्चिमेच्या खिडकीवरचं लेबल सगळ्यात हट्टी.

बरं, दुसरा गोंद करता येत नाही म्हणावं तर तेही खोटं. दाबून चिकटवायची आयती लेबलं अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये काढली. त्यांच्या कंपनीचं नाव काय होतं माहितीये? 'कम क्लीन'! म्हणजे स्वच्छ निघणारं. दुकानदारानं वस्तूवर किंमत चिकटवावी आणि ती डाग न ठेवता निघावी, ही त्या लेबलाची मूळ जाहिरात. पुढे १९६८ मध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती असा गोंद लागला जो चिकटतो आणि अलगद सुटतोही. १९८० पासून त्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे विकल्या जाऊ लागल्या, आता त्या आपल्याही टेबलावर असतात. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी जमलेली गोष्ट आज डब्यावर जमत नाही, कारण जमवायचीच नाहीये. आपण तक्रार करत नाही, मग कोण कशाला बदलेल?

दुकानदार सांगतात, कायद्यानं किंमत लावावीच लागते. लावा ना! पण २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम किंमत, वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता मागतात ते वेष्टनावर. सिंकच्या मधोमध चिकटवा असं कुठलाही नियम म्हणत नाही. खोक्यावर छापा, पिशवीवर छापा, नाहीतर दोऱ्यानं पुठ्ठा बांधा. साडीला बांधता येतो, तर कढईच्या कानाला का नाही?

कुणी म्हणेल, वाहतुकीत लेबल पडू नये म्हणून गोंद पक्का लागतो. मान्य. पण पक्का आणि कायमचा यात फरक आहे. ट्रकमधून दुकानापर्यंत टिकावं एवढंच त्याचं काम. माझ्या नातवंडांपर्यंत नव्हे.

सासूबाई मधेच म्हणाल्या, "आमच्या वेळी भांड्यावर फक्त नाव असायचं." खरंय. तुळशीबागेतून भांडी घेतली की नाव घालणारा ठकठक करून देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून द्यायचा. तेही कायमचंच होतं, पण आपल्या माणसाचं होतं. पन्नास वर्षांनी पातेलं उलटं केलं की कुठली आत्या, कुणाचं लग्न, सगळं आठवायचं. कंपनीच्या चिकट्यानं काय आठवणार?

तेव्हा मी एक ठरवलंय, तुम्हालाही सांगते. यापुढे भांडं घेताना पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला म्हणायचं, "दादा, हे लेबल तेवढं काढून द्या." परवा संध्याकाळी येताना पौड रस्त्यावर एक कढई घेतली, तेव्हा म्हटलंच. तो आधी हसला. मग नखानं खरवडायला लागला. मग पोऱ्याला बोलावलं. मागे चार गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी वैतागून म्हणाला, "काय फालतू गोंद लावतात हो हे लोक!"

मी म्हटलं, हेच त्या कंपनीच्या माणसाला सांगा. आमचं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल.