माया आणि निगा

निबंधाच्या वह्या तपासतांना 'माझा आवडता प्राणी' हा विषय वर्षांतून एकदां तरी आमच्या हातीं पडतोच. वह्या चाळीस असल्या तर त्यांतील निदान पंचवीस वह्यांत कुत्रा असतो, व त्या पंचवीसांपैकीं बहुतेकांचें नांव मोत्या असतें. मोत्या इमानी असतो, धन्याला पाहतांच शेपूट हालवितो, रात्रीं घराची राखण करतो, आणि शेवटच्या ओळींत तो लेखकाला 'फार फार आवडतो'. भाषा शुद्ध असते, अक्षरही बरें असतें, आणि गुण द्यावेच लागतात. परंतु मोत्याचें पाण्याचें भांडें रोज कोण घांसतें, तो आजारी पडला म्हणजे रात्रीं कोण उठतें, त्याच्या कानांतील गोचिडी कोण काढतें, याविषयीं त्या पंचवीस वह्यांत एक अक्षरही सांपडत नाहीं. आम्हांस हा निबंधाचा दोष वाटत नाहीं. तो घरांतील व्यवस्थेचा दोष आहे, आणि म्हणूनच या अंकाच्या निमित्तानें विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या आईबापांशींही दोन शब्द बोलावे असें मनांत आलें.

आपल्या भाषेंत 'माया' आणि 'निगा' असे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि ते निरनिराळे आहेत हें फार चांगलें आहे. माया आपोआप उत्पन्न होते. मऊ केंसांचें पिलूं मांडीवर आलें कीं ती झालीच. निगा मात्र रोज नव्यानें करावी लागते. तिची वेळ ठरलेली असते, तिच्यांत हात घाण होतात, आणि तिचें कौतुक कोणी करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या घरांत माया मुलांनीं करावी व निगा दुसऱ्या कोणीतरी करावी अशी वांटणी झाली आहे, त्या घरांत प्राणी पाळलेला नसतो, नुसता ठेवलेला असतो.

मनुष्यानें कुत्र्यास जवळ केलें तें शिकारीसाठीं व राखणीसाठीं, असें आम्ही वर्गांत शिकवितों, व तें पुष्कळ अंशीं खरेंही असेल. पण १९१४ सालीं जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें दगडाच्या खाणींत एक फार जुनें थडगें निघालें. त्यांत एका पुरुषाचीं व एका स्त्रीचीं हाडें होतीं, आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या एका कुत्र्याचींही होतीं. हें थडगें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें आहे. त्या कुत्र्याच्या दातांची फिरून तपासणी करून शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मरतेवेळीं तें पिलूं जेमतेम सात महिन्यांचें होतें, आणि त्याआधीं कित्येक आठवडे तें डिस्टेंपर या रोगानें आजारी होतें. या रोगांत पिलाला ताप भरतो, ओकाऱ्या व हगवण लागते, पुढें झटकेही येतात. कोणी ऊब दिली नाहीं, पाणी पाजलें नाहीं, अंग पुसलें नाहीं, तर असें पिलूं फार दिवस काढीत नाहीं. हें पिलूं आजाराच्या पहिल्या तडाख्यानंतरही आठवडेच्या आठवडे तगलें, तें माणसांनीं शुश्रूषा केल्यावांचून शक्य नव्हतें, असें ते शास्त्रज्ञ म्हणतात. अशा पिलाचा शिकारीस उपयोग नव्हता, राखणीसही नव्हता. भिंतींचें घर अजून माहीत नसलेल्या त्या माणसांत कोणीतरी रोज उठून त्याची घाण काढीत होतें. आम्हांस इतिहासांतील पुष्कळ लढायांपेक्षां ही गोष्ट मोठी वाटते.

घोड्यापाशीं तर नुसत्या मायेवर एक दिवसही निभत नाहीं. आमच्या लहानपणीं घरापलीकडील गल्लींत एका टांगेवाल्याचें बिऱ्हाड होतें. पुढें खोली, मागें घोड्याचें ठाण, मध्यें तरटाचा पडदा. पहांटे लीद काढून ठाण झाडणें हें थोरल्या मुलाचें काम. मधल्या मुलीनें पाण्याची बादली पुढें धरावयाची, आणि तीही चंदीच्या आधीं. धाकट्यानें रात्रीं भिजत घातलेले हरभरे तोबऱ्यांत भरावयाचे. मग बाप खरारा करी, चारी खूर एकामागून एक उचलून आंत खडा किंवा खिळा रुतला आहे काय तें पाही, आणि त्यानंतर घरांत चहाचें आधण चुलीवर चढे. महिना-दीड महिन्यानें नालबंदाकडे फेरी होई. सण असो, पाहुणा असो, घरांत दुखणें असो, घोड्याची वेळ चुकत नसे. याचें कारण त्या मुलांना कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें, पण तें त्यांना ठाऊक होतें: घोड्याचें जठर त्याच्या शरीराच्या मानानें लहान असतें, आणि त्याला ओकतां येत नाहीं. म्हणून त्याला थोडें थोडें व वेळेवर द्यावें लागतें. एकदम जास्त दाणा पोटांत गेला तर शूळ उठून एका दिवसांत जनावर हातचें जातें. पाणी त्याला दिवसास पंचवीस-तीस लिटर तरी लागतें, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक. त्या तिघां मुलांना 'तुमचा घोडा तुम्हांला आवडतो काय?' असें कोणी विचारलें असतें तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. (त्यांच्या कपड्यांना लिदीचा वास येतो म्हणून वर्गांत कांहीं मुलें त्यांच्या शेजारीं बसत नसत, हीही गोष्ट येथें लिहून ठेवली पाहिजे.)

सगळेच टांगेवाले असे होते असें मात्र कोणी समजूं नये. पाठीवर जखमा वागविणारे, बरगड्या मोजून घ्याव्या असे घोडेही आम्हीं स्टेशनाबाहेर पाहिलेले आहेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांसंबंधानें अशाच तक्रारी झाल्या, व २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या गाड्या बेकायदेशीर ठरविल्या. निर्णय योग्य होता असें आमचें मत आहे. पण घोडा पंचवीस-तीस वर्षें जगतो, आणि गाडी बंद झाली म्हणून त्याची भूक बंद होत नाहीं. गाडी थांबविण्यास एक हुकूम पुरतो. चंदी चालू ठेवण्यास रोज माणूस लागतो.

इंग्लंडांत ॲना स्यूएल या बाईंनीं १८७७ सालीं 'ब्लॅक ब्यूटी' नांवाची, एका घोड्याच्या तोंडून सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध केली. लहानपणीं पाय दुखावल्यामुळें त्यांना धड चालतां येत नसे. घोड्याच्या गाडीशिवाय त्यांचें पान हालत नसे, आणि म्हणूनच घोड्याला कोठें काय बोंचतें हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. ऐटीसाठीं घोड्याचें डोकें उंच ताठ राहावें म्हणून त्या काळीं एक जादा लगाम आंवळीत असत, त्याचा जाच त्यांनीं जगापुढें मांडला. आमच्या ग्रंथालयांतील ही गोष्ट ज्यांनीं वाचली आहे त्यांना आठवत असेल कीं, एका मायाळू पोरानें घामाघूम झालेल्या घोड्याला पोटभर थंड पाणी पाजलें व अंगावर झूल घातली नाहीं, त्यामुळें तो घोडा मरणाच्या दारीं गेला. पोराची माया खरी होती, पण त्याला निगा ठाऊक नव्हती.

तें पोर आज आपल्या घरोघरीं आहे. वाढदिवसाचा केक कुत्र्याला प्रेमानें भरविला जातो. चॉकलेट, मनुका, कांदा हीं कुत्र्याला विषासमान आहेत हें भरविणाऱ्याला माहीत नसतें. मांजराला बशीभर दूध हें तर आपल्याकडील दयेचें चित्रच होऊन बसलें आहे, परंतु पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाहीं, व तें चित्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं ज्याला पुसावें लागतें त्यालाच त्याचा अर्थ कळतो. बर्फाच्या मुलखांतला दाट केंसांचा हस्की कुत्रा विकत आणून मे महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरील पत्र्याखालच्या खोलींत बांधणें, यास आम्ही हौस न म्हणतां क्रूरपणा म्हणूं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें एवढाच त्याचा मुख्य उपाय. आपला गांवठी कुत्रा या उन्हातान्हांत पिढ्यानुपिढ्या वाढलेला असून त्याला विचारीत कोणी नाहीं.

आणि अशा घरांत काम कोणाचें? पहिले पंधरा दिवस मुलें भांडून भांडून पिलाला खाऊं घालतात. महिन्यानें शिकवणीचा वर्ग लागतो, सामने लागतात, आणि पातेलें आईच्या हातीं येतें. आईला आधींच कामें थोडीं नसतात. 'कुत्रा कोणाचा?' असें विचारलें तर मूल 'माझा' म्हणतें, आणि त्याच वेळीं आई न्हाणीघरांत त्याचें तरट धूत असते. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करतांना ज्या घरची मुलें बैलाच्या खांद्याला हळद व तूप चोळतात, त्या घरांत हा घोटाळा सहसा होत नाहीं, कारण तेथें बैल कोणाएकाचा लाडका नसतो. त्याच्यावर घर चाललेलें असतें. शेळीचें घरही तसेंच. गरिबाला प्राणी पाळणें परवडत नाहीं असें म्हणतात. आमच्या पाहण्यांत प्राणी नीट पाळलेले पुष्कळदां गरिबाच्याच घरीं आढळले आहेत.

आतां एक अप्रिय गोष्ट. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर मुलें तें घरीं सांगत नाहींत. एका विद्यार्थ्यानें चार दिवस दंडावरचे दांत बाहीखालीं झांकून ठेवले होते. कारण काय, तर बाबा मारतील आणि पिलाला हांकलून देतील. देवाची कृपा म्हणून तें वेळेवर लक्षांत आलें. पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. पण त्यापूर्वीं लस मिळाली तर रोग टळतो. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांच्या देखरेखीखालीं जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, कुत्र्यानें चावे घेतलेल्या मुलास ही लस प्रथम देण्यांत आली व तो वांचला. तेव्हांपासून उपाय आहे. उशीर मात्र आपण करतों. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पुरीं पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट, यांपैकीं कांहीं लावूं नये. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा, आणि डॉक्टर देतील त्या सर्व तारखा पाळाव्या. पोटांतील चौदा सुयांची धास्ती आजीआजोबांच्या तोंडून मुलांच्या कानीं आलेली असते. ती पद्धत आतां राहिलेली नाहीं, लस दंडांत देतात. घरच्या कुत्र्यालाही तीन महिन्यांचा होतांच लस टोंचून घ्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी; गळ्यांतील घुंगुर त्यानंतर आणले तरी चालतील. आणि पालकांनीं, हें आम्ही हात जोडून सांगतों, चावा सांगणाऱ्या मुलावर हात उगारूं नये. त्याला मार बसला तर पुढच्या वेळीं तें सांगणार नाहीं.

आमची सूचना साधी आहे. जिवंत प्राणी वाढदिवसाची भेट म्हणून देऊं नये. मूल फारच हट्ट धरून बसलें तर त्याला आधीं एक महिना शेजाऱ्याच्या घरचें एक काम द्यावें: शेळीला पाला घालणें, किंवा कोंबड्यांचें खुराडें सकाळीं उघडून झाडणें व तिन्हीसांजेला पिलें मोजून बंद करणें. (तें मोजलें नाहीं तर मुंगूस मोजतो.) ज्या दिवशीं पाऊस आहे, ज्या दिवशीं सामना आहे, ज्या दिवशीं कंटाळा आला आहे, त्या दिवशींही. महिना पार पडला तर पिलूं आणावें, आणि कामाची वांटणी कागदावर लिहून भिंतीवर लावावी. 'अभ्यासाचें काय?' असें कांहीं पालक विचारतील. सकाळ-सायंकाळ मिळून अर्ध्या तासाचें हें काम. अभ्यास कशानें बुडतो हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. ज्या घरीं एवढेंही जमण्यासारखें नसेल त्या घरानें प्राणी आणूंच नये, व त्यांत कमीपणा मानूं नये.

उन्हाळ्याची सुटी जवळ आली आहे. दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडते तेव्हां फाटकाबाहेर दोन-चार नवीं कुत्रीं दिसतात, गळ्यावर पट्ट्याची खूण असलेलीं. पाळलेलें जनावर कारणावांचून टाकून देणें हा १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे; पण खूण पाहून मालक कोण तें कळत नाहीं. तेव्हां जीं कुटुंबें गांवीं जाणार आहेत त्यांनीं आतांच ठरवावें कीं पाणी कोण बदलणार, किल्ली कोणाकडे राहणार, दाणा किती दिवसांचा काढून ठेवावयाचा. जे विद्यार्थी सुटींत येथेंच आहेत व शेजारच्या घरचें हें काम पत्करण्यास तयार आहेत, त्यांनीं वार्षिक परीक्षा संपण्यापूर्वीं आपलें नांव व गल्ली आपापल्या वर्गशिक्षकांकडे लिहून द्यावी. यादी सूचनाफलकावर लावण्यांत येईल.